घाव मिटविणारी चटई

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस, ज्या घरात आकाशकंदील घरीच करण्याचा शिरस्ता आहे त्या घरात, एखादा जुना पाट, वर्तमानपत्रांची जाड घडी किंवा उरलेल्या प्लायवुडचा तुकडा हटकून शोधला जातो. कारण कार्डशीट, पुठ्ठा किंवा पतंगी कागद कटरने कापावयाचा तर त्याच्याखाली काहीतरी घ्यावेच लागते, आणि ते असे असावे लागते की त्यावर चरे पडले तरी घरातील कोणी हळहळू नये. परंतु ज्याने हे काम मनापासून केले आहे त्याला ठाऊक असते की ह्या प्रत्येक तजविजीत काही ना काही उणीव आहे. लाकडावर पाते तंतूंच्या दिशेने ओढले जाते आणि पट्टी धरूनही काप वाकडा पडतो. शिवाय एकदा पडलेली खाच पुढच्या वेळी पात्याला आपल्याकडे खेचून घेते. वर्तमानपत्रांची घडी मऊ असल्यामुळे कागद कापण्याऐवजी दबतो, त्याची कड लवदार होते आणि ऐन वेळी घडीच सरकते. काचेवर काप सुरेख येतो खरा, पण पात्याची धार पाहता पाहता मरते आणि गुळगुळीत पृष्ठावरून पाते घसरून बोटापर्यंत येण्याचे भय राहते.

ह्या सर्व उणिवा एकाच वस्तूने दूर कराव्यात, ह्या हेतूने बनविलेली जी हिरवट रंगाची, चौकटी आखलेली चटई आज बहुतेक स्टेशनरीच्या दुकानांत मिळते, तिला व्यवहारात ‘कटिंग मॅट’ आणि पुष्कळदा ‘सेल्फ-हीलिंग’ मॅट म्हणतात. कापल्यावर आपोआप बरी होणारी चटई, असा त्या विशेषणाचा अर्थ. आणि ह्या अर्थामुळेच तिच्याविषयी बराच गैरसमज झालेला आहे. चटई स्वतःच बरी होते म्हटल्यावर तिची निगा राखण्याचे प्रयोजन काय, अशा समजुतीने कित्येक जण तिच्यावर चहाचा पेला ठेवतात, बोथट पात्याने सर्व बळ लावून पुठ्ठा कापतात, आणि थोड्याच दिवसांत ती निकामी झाली की विकणाऱ्याला दोष देतात. हे टाळावयाचे तर घाव मिटतो म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ते एकदा समजले की पुढील सर्व नियम पाठ करण्याची गरज उरत नाही, ते आपोआप सुचत जातात.

घाव मिटतो तो कसा

ह्या चटया बहुधा पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड ह्या द्रव्याच्या असतात. ऑयगेन बाउमान ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७२ साली हे द्रव्य प्रथम तयार केल्याची नोंद आहे. पण ते मूळचे कठीण आणि ठिसूळ असल्याने त्याचा उपयोग काय करावा हे पुढे पन्नासएक वर्षे कोणाला उमगले नाही. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन ह्याने त्यात काही विशिष्ट द्रव मिसळून ते रबरासारखे लवचीक करून दाखविले, आणि तेव्हापासून एकाच पीव्हीसीची दोन रूपे आपल्या घरात नांदू लागली: पाण्याचा ताठ नळ हे एक, आणि विजेच्या तारेवरील मऊ आवरण हे दुसरे. कटिंग मॅटमध्ये ही कठीण व मऊ प्रकृती एकत्र आणलेली असते. वरचा आणि खालचा थर मऊ द्रव्याचा, तर मधला थर ताठ व कणखर, अशी तिची सामान्य रचना. थर तीन किंवा पाच असतात आणि सर्व मिळून जाडी सुमारे ३ मिलिमीटर भरते.

मऊ थरातील द्रव्याचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक साखळ्या होत. त्यांच्या अधेमध्ये मृदुत्व आणणारे द्रव्य शिरलेले असल्याने त्या किंचित सरकू शकतात, आणि गुंता कायम असल्याने पुन्हा मूळ जागी येऊ पाहतात. धारदार पाते आत उतरते तेव्हा ते पाचरीसारखे दोन्ही बाजूंचे द्रव्य दूर सारते. पाते पुढे गेले की ताणलेले द्रव्य परत येते, आणि चिरेच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकतात. वरून पाहणाऱ्याला रेषा जवळजवळ दिसत नाही आणि बोटाला ती लागत नाही. परंतु भिंती टेकतात, सांधत नाहीत. नेमक्या त्या जागी चटई किंचित वाकवून पाहा, चीर ओठ उघडावेत तशी उघडेल. खरोखर सांधा भरून काढणारी द्रव्येही शास्त्रज्ञांनी निर्माण केली आहेत; २००१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी, तडा गेला असता आतील सूक्ष्म कुप्या फुटून त्यांतील द्रवाने तडा भरून यावा, असे द्रव्य जगापुढे ठेवले. आपल्या चटईत अशी औषधाची कुपी नाही. तिच्यापाशी आहे ती केवळ मूळ जागी परतण्याची ओढ.

ह्याच तत्त्वाचे एक जुने उदाहरण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. खाटकाच्या दुकानातील ठोकळा हा फळीचा नसतो. झाडाच्या खोडाचा आडवा छेद घेऊन केलेला ओंडका असतो. फळीत लाकडाचे तंतू आडवे निजलेले असल्यामुळे सुरा पडला की ते तुटतात आणि कपच्या निघतात. ओंडक्यात तेच तंतू उभे असल्यामुळे सुरा त्यांच्या मध्ये शिरतो, तंतू बाजूला होतात, आणि सुरा उचलला की पुन्हा जवळ येतात. म्हणून फळी लवकर झिजते आणि ओंडका वर्षानुवर्षे टिकतो.

ह्यातून निघणारा सिद्धांत एका वाक्यात सांगता येतो: जे केवळ बाजूला सारले गेले ते परत येते, जे निघून गेले, किंवा ज्याची परतण्याची शक्ती गेली, ते परत येत नाही. चटईवर काय करावे आणि काय करू नये, ह्याचा सारा कायदा ह्या एका कलमात सामावलेला आहे.

खरेदी करताना

आकारांची नावे कागदाच्या आकारांवरून पडलेली आहेत. ए-४ म्हणजे अदमासे ३० × २२ सेंटिमीटर, ए-३ म्हणजे ४५ × ३०, ए-२ म्हणजे ६० × ४५ आणि ए-१ म्हणजे ९० × ६०. शुभेच्छापत्रे, कात्रणे आणि लहान मुलांची हस्तकला एवढाच बेत असेल तर ए-४ पुरते. परंतु एकच चटई घ्यावयाची असेल तर ए-३ घ्यावी, असे माझे मत आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातल्यापासून गणपतीचे मखर पुठ्ठ्याचे व कागदाचे करण्याकडे अनेक घरांचा कल झाला आहे. तसल्या मोठ्या कामाला, आणि कापड कापण्याला, ए-२ पेक्षा लहान चटई अपुरी पडते. चटईपेक्षा काम मोठे असले की तुकडा मध्येच सरकवावा लागतो, आणि काप जुळत नाही तो नेमका तेथेच.

विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा करावी. पहिली गोष्ट म्हणजे कड पाहावी. थर स्पष्ट दिसावेत आणि कोठेही सुटलेले नसावेत. दुसरी, चटई दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवावी व सोडावी. ती तत्काळ सपाट झाली पाहिजे. अगदी लुळी पडणारी चटई जड पुठ्ठ्याखाली दबते, आणि मुळीच न वाकणारी चटई घाव मिटविण्याच्या कामात कच्ची असण्याचा संभव असतो. तिसरी, पोलादी पट्टी तिच्या छापील रेषांवर ठेवून मोजमाप पडताळावे. स्वस्त चटयांवरील आखणी पुष्कळदा अर्धा-एक मिलिमीटर चुकलेली असते; वीस सेंटिमीटरच्या कामात ती चूक दिसत नाही, पण कंदिलाच्या आठ सारख्या पाकळ्या जोडावयाच्या वेळी आठपट होऊन उभी राहते. कागदकामाला सेंटिमीटरची बाजू आणि शिवणकामाला इंचाची बाजू, अशी दुहेरी आखणी ज्या चटईवर असते ती घरातील सर्वांच्या उपयोगी पडते. दोन बाजूंचे रंग भिन्न असतील तर अधिकच चांगले, कारण पांढरा कागद गडद पृष्ठावर आणि काळा कागद फिकट पृष्ठावर डोळ्याला नीट दिसतो.

कापण्याची रीत

चटईचे आयुष्य तिच्या किमतीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, पात्यावर अवलंबून असते. धारदार पाते द्रव्य बाजूला सारते. बोथट पाते ते ओरबाडते, आणि ओरबाडलेला कण पुन्हा जागेवर येत नाही. म्हणून धार मंद झाल्याचा किंचित संशय आला तरी पात्याचे टोक मोडून टाकण्यात हयगय करू नये. मोडता येणाऱ्या पात्याची ही सोय जपानमधील ओसाकाच्या योशिओ ओकाडा ह्यांनी १९५६ साली काढली. जोडे शिवणारे कारागीर काचेच्या तुकड्याची धार गेली की तो मोडून नवी धार काढीत, हे त्यांनी पाहिले होते. आणि चॉकलेटची वडी आखलेल्या खाचांवर जशी सहज मोडते तसे पाते मोडता यावे, ही कल्पना त्यांना तेथून सुचली. त्यांच्या ‘ओल्फा’ ह्या नाममुद्रेचा मूळ जपानी अर्थच ‘मोडावयाचे पाते’ असा आहे. कागद व कार्डशीट ह्यांना ९ मिलिमीटर रुंदीचे पाते, आणि पुठ्ठा, माउंटबोर्ड किंवा सनबोर्ड ह्यांना १८ मिलिमीटरचे, हा सर्वसाधारण दंडक समजावा. मोडलेली टोके कचऱ्यात उघडी टाकू नयेत. झाकणाच्या एखाद्या डब्यात साठवावीत, कारण कचरा उचलणाऱ्या माणसाचे हातही आपल्या हातांइतकेच कोमल असतात.

दुसरी गोष्ट दाबाची. जाड पुठ्ठा एकाच दमात कापण्याचा हट्ट धरला की पाते पुठ्ठ्यातून सुटताक्षणी सर्व बळानिशी चटईत घुसते, वरचा मऊ थर भेदून मधल्या कठीण थरापर्यंत पोहोचते, आणि तेथील घाव मिटत नाही. त्याऐवजी पहिल्या फेरीत केवळ रेषा कोरावी, दुसरीत ती खोल करावी आणि तिसरीत पुठ्ठा सुटावा, अशा तीन-चार हलक्या फेऱ्या माराव्यात. कापही अधिक स्वच्छ येतो आणि हातही थकत नाही. पाते रेषेच्या दिशेने खाली झुकलेले असावे, पण डावीकडे वा उजवीकडे कलू नये. बाजूला कललेले पाते चटईच्या पृष्ठाखाली तिरके शिरते, आणि दोन तिरके काप जेथे एकमेकांना मिळतात तेथून पाचरीच्या आकाराची एक बारीक फीत सुटून येते. अशी फीत सुटली की खाच कायमची झाली. पट्टी पोलादी घ्यावी, प्लास्टिकची घेऊ नये. आणि जो तुकडा राखावयाचा आहे त्यावर ती ठेवावी, म्हणजे पाते चुकून भरकटले तरी टाकावू भागाकडे जाईल.

वळणे कापताना पाते वळविण्यापेक्षा कागद फिरवावा. जोर देऊन घेतलेल्या लहान वळणात पाते चटईमध्ये पिळले जाते आणि चीर फाकते. ज्यांच्या मध्यभागी टोकदार सुई असते असे वर्तुळ कापण्याचे कटर एकाच बिंदूला पुनःपुन्हा टोचून तेथे खळगा पाडतात. तेव्हा सुईखाली जाड पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा ठेवण्याची सवय लावून घ्यावी. लाकडावर किंवा लिनोलियमवर कोरण्याच्या खोबणीदार पटाश्या, हातोडीने ठोकावयाचे पंच आणि नागमोडी धारेची पाती, ह्यांना ह्या चटईवर मुभाच देऊ नये. ही हत्यारे द्रव्य काढून नेतात किंवा चिरडतात, सारीत नाहीत.

कापड कापणाऱ्यांसाठी वर्तुळाकार पात्याचा कटर १९७९ साली ‘ओल्फा’च्याच कारखान्याने बाजारात आणला, आणि तुकडे जोडून गोधडी करणाऱ्यांच्या कामाचा वेग त्याने पालटून टाकला. ह्या कटरला चटईवाचून गत्यंतर नाही, कारण लाकडावर किंवा काचेवर त्याचे पाते लगेच बोथट होते. तो नेहमी आपल्या अंगापासून दूर ढकलीत चालवावा, आणि प्रत्येक कापानंतर, क्षणभर जरी खाली ठेवावयाचा असला तरी, पात्यावर आवरण ओढून घ्यावे. घरात कागदाचे आणि कापडाचे अशी दोन्ही कामे होत असतील तर चटईच्या दोन बाजू वाटून द्याव्यात. कागदाच्या कटरने पडलेल्या चिरांत कापड दबले जाऊन त्याचे एखाद-दुसरे सूत न कापता राहते.

शेवटची बाब सवयीची आहे. माणसाचा हात स्वभावतः एकाच जागी, बहुधा चटईच्या मध्यावर, काम करतो. त्यामुळे मध्य झिजतो आणि चारही कोपरे कोरे राहतात. दर काही दिवसांनी चटई फिरवून ठेवावी, आणि छापील रेषेवर पाते न चालविता तिच्या शेजारून चालवावे, म्हणजे रेषा पुसट होत नाहीत व घाव सर्वत्र विभागले जातात.

निगा

मिटणाऱ्या चिरेत परकी वस्तू शिरली की चीर मिटत नाही. कागदाचा भुसा, फेल्टची लव, अस्तराचा कापूस आणि सुताचे तंतू हे चिरेत पाचरीसारखे बसतात. म्हणून काम संपताच मऊ ब्रशने चटई झाडावी, आणि लव अडकलीच तर खोडरबराने हलके घासून काढावी. महिन्या-दोन महिन्यांनी कोमट पाणी व सौम्य साबण ह्यांनी धुऊन सावलीत वाळवावी. फेविकॉल सांडला तर पुसण्याची घाई करण्यापेक्षा तो सुकू द्यावा. नंतर त्याची पापडी नखाने सहज निघते. थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल ह्यांचा बोळा मात्र चटईला कधीही लावू नये. ही द्रव्ये पृष्ठ विरघळवितात किंवा त्यातील मृदुत्व काढून घेतात.

उष्णता ही तर ह्या वस्तूची खरी वैरीण. गरम चहाचा पेला, इस्त्री, ग्लूगनचे तापलेले टोक, वैशाखातील खिडकीचे ऊन, किंवा उन्हात उभी केलेली मोटार, ह्यांपैकी कोणतेही कारण तिला वाकविण्यास पुरेसे होते. आणि वाकलेल्या चटईवर पट्टी टेकत नाही, मग सरळ काप कोठून येणार? उन्हातान्हात दीर्घकाळ पडलेल्या चटईतील मृदुत्वाचे द्रव्यही हळूहळू निघून जाते, आणि वरून नवी दिसणारी ती चटई आतून कठीण झालेली असते. ती उभी टेकवून ठेवू नये, गुंडाळून तर मुळीच ठेवू नये. पलंगाखाली किंवा कपाटावर आडवी ठेवावी. थोडी वाकलीच तर दोन सपाट फळ्यांमध्ये घालून वर जाड ग्रंथांचे ओझे काही दिवस राहू द्यावे. पुष्कळदा ती सरळ होते.

चटईवर थर्माकोलची वस्तू दीर्घकाळ टेकवून ठेवू नये. चटईतील द्रव्य थर्माकोलमध्ये उतरते, थर्माकोल चिकट होतो आणि दोहोंचेही नुकसान होते. रंगरोगण केलेल्या मेजावरही ती महिनोन्महिने तशीच पसरून ठेवू नये. स्वयंपाकघरात भाजी चिरण्यासाठी तिचा उपयोग करू नये, हे तर स्पष्टच आहे. ती अन्नाच्या संपर्कासाठी बनविलेली नाही. आणि अखेर ती टाकावयाची वेळ आली की शेकोटीत टाकू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो. त्याआधी कोपऱ्याकडील चांगला भाग कापून लहान मुलाच्या दप्तरात मावेल एवढी चटई होते का, हे अवश्य पाहावे.

साक्षीचा कोपरा

चटई केव्हा बदलावी, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात, आणि त्याचे उत्तर वर्षांच्या हिशेबात देता येत नाही. रोज काम करणाऱ्याची चटई लवकर झिजेल आणि सणासुदीपुरते काम करणाऱ्याची पुष्कळ टिकेल. त्यासाठी मी एक साधी रीत सुचवितो. चटई घरी आणाल त्या दिवशी तिचा एक कोपरा कामातून वगळा, तेथे नव्या पात्याने, हलक्या हाताने, बोटभर लांबीची एक चीर पाडा आणि शेजारी तारीख लिहा. डोळे मिटून त्या चिरेवरून नख आडवे फिरवा. ते कोठेही अडणार नाही. पुढे दर सहा महिन्यांनी तिच्या शेजारी, तेवढ्याच दाबाने, आणखी एक चीर पाडीत जा आणि नख फिरवून पाहा. ज्या दिवशी चटई सपाट असतानाही नव्या चिरेत नख अडकेल, त्या दिवशी समजावे की द्रव्याची परतण्याची ओढ संपली. मधला भाग मात्र त्याआधीच झिजू शकतो. तेथे पाते आपल्या मनाविरुद्ध जुन्या चिरेकडे वळू लागले, की कोपऱ्याच्या साक्षीची वाट न पाहता चटई फिरवावी किंवा बदलावी.

ही तारीखवार रेषांची ओळ पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जेथे पाते तीक्ष्ण होते, हात हलका होता आणि ऊन लागले नव्हते, तेथे प्रत्येक रेषा दिसेनाशी झालेली आढळते. म्हणजे चटई जेवढी आपल्याला सांभाळून घेते तेवढेच आपणही तिला सांभाळावयाचे असते. येत्या दिवाळीचा कंदील करावयास बसाल तेव्हा प्रथम पाते मोडून नवी धार काढा, चहाचा पेला दुसऱ्या मेजावर ठेवा, आणि मगच पहिला काप घ्या.